चार बोटांची फट

प्रिय रेवा आणि निहार,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, अंकल न्यूट्रल कुठेयत?" मी "पुण्याला गेले" म्हटलं आणि विषय बदलला. बदलायला नको होता. कॅनडात तुम्हाला त्यांच्याबद्दल सांगणारं दुसरं कोणी नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते कॉलवर सांगता येत नाही. म्हणून लिहिते आहे, क्रमाने.

तुमचे अंकल न्यूट्रल, म्हणजे कारखानीस, इथे दुबईत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. त्यांच्याकडे जेवायला दोन चौकोनी टेबलं होती. मध्ये चार बोटांची फट आणि दोन्हींवर मिळून एकच लांब टेबलक्लॉथ. निहार, तू नेमकी त्या फटीवर आमरसाची वाटी ठेवलीस आणि ती आत कलंडली. तू रडायच्या बेतात होतास. कारखानीस शांतपणे म्हणाले, "ती निर्लष्करी पट्टी आहे, बाळा. तिथे काही ठेवायचं नसतं."

हे बोलणं त्यांच्या नोकरीतून आलं होतं. त्यांना रशियन उत्तम यायचं. तरुणपणी दहा वर्षं ते तुर्कमेनिस्तानात होते, आणि नंतर जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात. परदेशी शिष्टमंडळांच्या बैठकी दुबईत असल्या की हॉटेल, दुभाषे, कोण कुठे बसणार, हे सगळं ते ऑफिस बघायचं. तुर्कमेनिस्तान हा कायमचा तटस्थ देश. कुठल्याही लष्करी गटात तो जात नाही. पण पाश्चात्त्य देशांच्या लष्करी युतीने बोलणी करू म्हटलं तर नाहीही म्हणत नाही. भूकंपात मदत कशी करायची, सीमेवरच्या अधिकाऱ्यांना शिकवायचं काय, अशा विषयांवर दोघं भेटतात. कारखानीस याचं एका वाक्यात सार सांगत: "चहा घ्यायचा, जेवायला थांबायचं नाही."

बैठकीहून आले की तुमचे आजोबा मुद्दाम विचारायचे, "काय कारखानीस, आज काय झालं?"

"काही झालं नाही. काही होऊ नये म्हणूनच तर मला नेमलंय."

त्या देशाचं धोरण त्यांनी स्वतःला लावून घेतलं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या निवडणुकीत ते दोन्ही पॅनेलच्या नाश्त्याला गेले आणि मतपत्रिका कोरी टाकून आले. हापूस चांगला की पाकिस्तानी चौसा, यावर आमच्या मजल्यावर दरवर्षी वाद व्हायचा. ते एक फोड याची, एक फोड त्याची खायचे आणि दोन्हीकडे बघून सारखीच मान डोलवायचे. डिसेंबरात त्या देशाचा तटस्थता दिन असतो. त्या दिवशी मजल्यावरच्या प्रत्येक दारात दोन पेढे यायचे, कुणाला एक जास्त नाही की एक कमी नाही.

तुम्हा दोघांचं रिमोटवरून भांडण झालं तेव्हा त्यांनी प्रत्येकाचं म्हणणं वेगळं बसवून ऐकलं, वहीत लिहून घेतलं आणि चर्चेची दुसरी फेरी जाहीर केली. तोवर कार्टून संपलं होतं. रेवा, तू मला स्वयंपाकघरात येऊन म्हणालीस, "आजी, ही इज सो यूजलेस." मी खूप हसले होते.

आता टेबलांचं सांगते. तुम्ही पाहिलंत तोवर त्यांच्या घरात ते दोघंच होते, ते आणि शैलाताई. त्यांना एक मुलगी आहे, मृणाल. तिला एका पोर्तुगीज सहकाऱ्याशी लग्न करून लिस्बनला जायचं होतं. शैलाताईंना ते अजिबात मान्य नव्हतं. मायलेकींचं बोलणं तुटलं. "मी तिच्याबरोबर एका टेबलावर जेवणार नाही," असं दोघींनीही सांगून टाकलं. कारखानिसांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. ते दुसऱ्या दिवशी तसंच आणखी एक टेबल घेऊन आले, पहिल्यापासून चार बोटांवर लावलं आणि वर एक कापड पसरलं. आता एक टेबल शैलाताईंचं, एक मृणालचं, आणि वरून पाहिलं तर सगळे एकत्र. आम्ही हसलो, पण सहा महिने त्या दोघी तिथे समोरासमोर बसून जेवल्या.

जायच्या आधी मृणालने त्यांच्याकडे एकच मागितलं होतं. "बाबा, आईसमोर एकदा म्हणा की मी चुकले नाहीये. मग मी जाते." ते म्हणाले, "तुझ्या फ्लाइटच्या दिवशी. मी पाचला घरी येतो."

नेमकी त्याच दिवशी तुर्कमेनिस्तान आणि त्या लष्करी युतीची बैठक होती, आणि फोटोवरून अडलं. दोन्हींचे छोटे झेंडे एकाच टेबलावर ठेवले तर आम्ही युतीत गेल्यासारखं दिसेल, असं तटस्थ मंडळींचं म्हणणं. वेगळ्या टेबलांवर ठेवले तर भांडण झाल्यासारखं दिसेल, असं युतीवाल्यांचं. कारखानिसांनी घरची युक्ती काढली. दोन टेबलं, चार बोटांची फट, एक कापड. दोन्हीकडच्यांना पटलं. फोटो निघाला तेव्हा सव्वासात वाजले होते.

साडेसहाला मृणाल बॅग घेऊन आमच्या दारात उभी होती.

"काकू, बाबांचा फोन बंद आहे. बैठकीच्या हॉटेलचा नंबर तुमच्याकडे असतो ना?"

होता. अडीअडचणीला म्हणून शैलाताईंनीच तो आमच्या फ्रीजवर लावला होता. मी म्हटलं, "अगं, मीटिंग चालू असेल. मध्येच फोन करणं बरं दिसत नाही. आणि तुमच्या घरातल्या गोष्टीत मी कशी पडू?"

"ओके काकू," ती म्हणाली आणि तिने लिफ्टचं बटण दाबलं.

आठला कारखानीस बक्लावा मिठाईचा डबा घेऊन आले. "वहिनी, जमलं," असं मला दारातच सांगून आत गेले.

दोन वर्षांनी शैलाताई गेल्या. मायलेकींचं बोलणं शेवटपर्यंत झालं नाही. मृणाल दर रविवारी वडिलांना फोन करायची, अजूनही करते. हवामान आणि तब्येत. "दोन्ही पक्षांना मान्य असलेले विषय," असं ते म्हणायचे.

गेल्या आठवड्यात त्यांचं सामान बांधायला मी गेले होते. दोघं कपबशा कागदात गुंडाळत होतो. तेव्हा मी त्यांना ते फ्रीजवरच्या नंबरचं सांगितलं. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

ते गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही तटस्थ राहिलात, वहिनी. मी कोण बोलणार?"

थोड्या वेळाने त्यांनी पाकिटातून एक जाड कागद काढला. बैठकीत माणसांसमोर नावाचं कार्ड ठेवतात ना, तसलं. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्या अक्षरात तीन ओळी होत्या. 'मृणालच्या निर्णयाची नोंद घेण्यात आली आहे.' खोडलेलं. 'मृणालच्या निर्णयाचा आदर आहे.' तेही खोडलेलं. खाली, न खोडलेलं: 'शैला, मृणाल चुकली नाही. मी तिच्या बाजूने आहे.'

"त्या दिवशी झेंड्यांचं चाललं होतं, तेव्हा बसून लिहिलं," ते म्हणाले. "मसुदा पक्का व्हायला वेळ लागला."

"मृणालला दाखवलंत?"

"ते शैलासमोर म्हणायचं होतं. आता कोणासमोर म्हणू?"

मी विचारलं, "याचा फोटो काढून मी तिला पाठवू का?"

त्यांनी हातातला कप गुंडाळून खोक्यात ठेवला. मग कार्ड माझ्यासमोर ठेवून ते आतल्या खोलीत गेले. मी फोटो काढला आणि पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.

शनिवारी निघताना ते टॅक्सीशी थांबून म्हणाले, "वहिनी, टेबलांना गिऱ्हाईक मिळालं नाही. तुम्हीच ठेवा."

रेवा, त्या दिवशी तू म्हणालीस त्यावर मी हसायला नको होतं. ते निरुपयोगी नव्हते. त्यांना उशीर झाला, आणि त्यातला थोडा उशीर माझा आहे.

त्यांचा रविवारचा फोन चालू आहे. टेबलं आमच्याकडे आहेत. मी ती एकमेकांना टेकवून लावली आहेत.

तुमची,
आजी