पाण्याचा रंग आणि माझं बनियन

दर रविवारी सकाळी आमचे शेजारी लांजेवार काकाजी माझ्या पोटावर काचेची नळी धरून पाणी तपासतात. यात माझ्या पोटाचं कर्तृत्व काही नाही. वसाहतीच्या बोरिंगचं पाणी नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि चढलेला रंग छापील कार्डावरच्या रंगांशी जुळवायचा (हिरवा आला की पाणी ठीक). त्यासाठी नळीच्या मागे पांढरंशुभ्र काहीतरी लागतं, आणि सक्करदऱ्याच्या आमच्या लेआउटमध्ये माझ्या बनियनइतकं पांढरं दुसरं काही नाही, असा काकाजींचा निकाल आहे. माझ्या बायकोला त्यांनी बनियनला नीळ द्यायची मनाई केली आहे. निळीची झाक रंगात मिसळते म्हणे. मी एकदा म्हटलं, "काकाजी, कोरा कागद का नाही घेत?"

"कागद वाऱ्यानं हलते. तू पण हलू नको गा. अन् पोट आत काहून घेऊन राहिला?"

काकाजी कोर्टात कारकुनी करून निवृत्त झाले, त्यामुळे पंचांशिवाय त्यांना रंग दिसत नाही. फाटकापुढून जाणारा कोणीही पंच होऊ शकतो, पण नियम कडक. ट्यूबलाइटचा उजेड बाद. उन्हात धरलेली नळी बाद. काळा चष्मा लावलेला पंच बाद. एकदा दूधवाला लाल टी-शर्ट घालून आला, तर त्याला रस्त्यापलीकडे उभं केलं. "तुह्या शर्टाची लाली पाण्यात उतरून राहिली!" थेंब टाकल्यावर रंग पुरता चढेपर्यंत कोणी तोंडही उघडायचं नाही. बोलण्याचा आणि रंगाचा काय संबंध, असं मी विचारलं.

"साक्षीदार फुटते," काकाजी म्हणाले.

काटोलला त्यांच्या भाच्याच्या लग्नात तर कहर झाला. वरात दारात आलेली, आणि यांनी मांडवातल्या प्यायच्या पाण्याची नळी भरली. मांडव गुलाबी, त्यामुळे रंग काही पटेना. मी बिचारा सुटाबुटात. काकाजी पांढरं शोधत बाहेर धावले आणि समोर नवरदेवाची घोडी! नळी थेट तिच्या पोटावर. "घोडीले धरून ठेवा गा कोणी!" बँड थांबला. मुलीचे वडील घाबरून धावत आले.

"काय टाकून राहिले हो पाण्यात?"

"टाकून नाही, पाहून राहिलो."

वरून नवरदेव कळवळला, "मामाजी, हिरवा आहे. आता जाऊ द्या ना!"

"नवरदेवाची साक्ष चालत नाही. त्याले घाई आहे."

अर्थात, आम्ही पंच नुसते नावाला. शेवटचा निकाल काकूंचा. काकाजी त्यांना हायकोर्ट म्हणतात. काकूंची नजरच तशी. साडी घरी ठेवून इतवारीच्या बाजारात जायच्या आणि नुसत्या आठवणीवर ब्लाउजपीस आणायच्या, रंगात तसूभर फरक नाही. ओसरीतल्या बंगईवर झोके घेता घेता त्या नळीकडे एकदा बघायच्या. "हिरवा. जरा पोपटीकडे." संपलं. मग काकाजी आमच्याकडे अशा ऐटीत बघायचे, जणू तो रंग त्यांना सासऱ्यांनी आंदण दिला होता.

मागच्या थंडीत एका रविवारी काकूंनी नळीकडे पाहिलं आणि झोका थांबवला. बंगईवरून उठून माझ्यापर्यंत आल्या. कार्ड जवळ घेतलं, लांब धरलं.

"निळा," त्या म्हणाल्या.

पलीकडच्या वंदनाताई हसल्या. "काय वं काकू, मेथीवानी हिरवा तर आहे!"

काकूंचा चेहरा उतरला. "हिरवा आहे का? मले निळा काहून दिसून राहिला मग?"

"निळाच आहे!" काकाजी ओरडले आणि माझ्याकडे वळले. "तुहं बनियन पिवळं पडलं गा! निळ्यामागं पिवळं आलं, म्हणून तुम्हाले सगळ्याइले हिरवं दिसून राहिलं."

बनियन आदल्या दिवशीच धुऊन वाळलेलं होतं, बगळ्यासारखं पांढरं. मी तोंड उघडणार होतो, तेवढ्यात काकाजींचे डोळे दिसले. सख्ख्या भाच्याची साक्ष न मानणारा तो माणूस माझ्याकडे हात पसरल्यासारखा बघत होता.

"हो काकू," मी म्हटलं. "पार पिवळं झालंय."

"तरी म्हटलं," काकू म्हणाल्या आणि पुन्हा बंगईवर जाऊन बसल्या. काकाजींनी कार्डावरच्या निळ्यावर बोट ठेवलं.

मला फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "साखरेनं डोळे चालले गा तिचे. औषध चालू आहे, पण डॉक्टर म्हणते, रंग आधी जाईन. तिले वाटते, चष्म्याचा नंबर वाढला."

"आणि पाणी?"

"पाणी ठीक आहे. ते मी पहाटेच पाहून घेतो. पाण्यासाठी कोण मांडते एवढं कोर्ट?"

मी फाटक ओढून घेतलं आणि घरी आलो.

पुढच्या रविवारी कपाटाच्या तळातून मी एक खरोखरच पिवळं पडलेलं बनियन शोधून काढलं. हे घालून चारचौघांत जाऊ नका, म्हणून बायको ओरडली. मी तसाच गेलो. काकाजींनी नळी उचलली, बनियनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हलू नको गा," ते म्हणाले. नळी त्यांच्याच हातात हलत होती.