नाकावरचा ढग

डोळे मिटा बरं. घट्ट नको, हलकेच. झोप यायच्या आधी आपोआप मिटतात तसे. आता समजा, तुम्ही एका ढगात बसला आहात. समोर काहीच दिसत नाही. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येतोय आणि दुरून कुठून तरी घुंगरं वाजताहेत. थोडं थांबलात, तर त्या ढगातून एक बैल येईल. लाकडाचा. त्याच्या पायांना चाकं आहेत, म्हणून पावलं वाजणार नाहीत. आला? मग उघडा डोळे.

हा ढग अकोल्याच्या अब्दुल सत्तारचाचांच्या नाकावर होता.

चाचा सुतार. वर्षभर दारं-खिडक्या करायचे, पण पोळा जवळ आला की बाकीचं सगळं बाजूला सारून लाकडी बैल करायला बसायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशी मिरवून दमलेले असतात आणि गल्लीत मुलांच्या लाकडी बैलांचं राज्य असतं. या बैलांचे डोळे रंगवायचं काम चाचांच्या नातीचं, पाचवीतल्या अलीझाचं. "डोळे आले का बैल जागा होते," असं चाचा म्हणायचे आणि अलीझाला ते अगदी खरं वाटायचं.

यंदा मात्र लाकडाची एक कपची उडाली आणि थेट चाचांच्याच डोळ्यात गेली. डॉक्टरांनी ती काढली आणि बजावलं की यापुढे संरक्षक चष्मा घातल्याशिवाय काम करायचं नाही. चाचांनी तिथे मान हलवली. घरी येईपर्यंत ते विसरलेही असते. पण शेजारच्या खुर्चीवर त्यांच्या पत्नी रजियाबी बसलेल्या होत्या.

"चष्मा नाई, तर चाबी नाई," म्हणत त्यांनी कारखान्याची किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली. "आन् मले फसवलं, तर तनवीरले फोन करते. मंग चला अमरावतीले धाकट्या पोराच्या घरी. बाल्कनीत बसा आन् रस्ता पायत राहा."

मुलाचं घर चाचांना आवडे. सूनही जीव लावणारी होती. पण त्या बाल्कनीत बसल्यावर आपल्या हातांचं काय करायचं, हे चाचांना कधीच उमगलं नव्हतं. मागच्या वेळी त्यांनी तिथल्या खुर्चीचा चांगला असलेला पाय काढून पुन्हा बसवला होता.

ते घाईघाईने बाजारात गेले आणि दुकानातला सगळ्यात मोठा चष्मा घेऊन आले. चारही बाजूंनी रबरानं बंद, मागून पट्टा, चेहऱ्यावर झाकणासारखा बसणारा. भुसा नाकात जाऊ नये म्हणून त्यांनी खाली नेहमीचा रुमाल बांधला, रंधा हातात घेतला, एक श्वास सोडला आणि कारखाना नाहीसा झाला.

"दादा, तुमच्या डोळ्यावर भाप आली," अलीझा म्हणाली.

"येऊ दे. जाईन."

ती गेली नाही. चाचांनी काचेला साबण चोळला. तो एवढा चोळला की घामाबरोबर फेस डोळ्यांत उतरला आणि चाचा अर्धा तास रडत बसले. मग त्यांनी रबराला बारीक गिरमिटानं भोकं पाडली. हवा आत आली खरी, पण तिचा हात धरून भुसाही आला. समोरचे मोरोपंत वकील हे सगळं आपल्या ओट्यावरून पाहत होते. या वर्षीचा सगळ्यात मोठा बैल त्यांच्याच नातीसाठी, अलीझाच्या वर्गातल्या जुईलीसाठी व्हायचा होता, त्यामुळे त्यांना काळजीही होती आणि सल्ला द्यायचा हक्कही होता. अर्धा कापलेला बटाटा घेऊन ते स्वतःच आले.

"सत्तारभाई, हा घासा काचेले. मी पावसाळ्यात गाडीच्या काचेले हेच करतो."

"वकीलसाहेब, गाडीले नाक नसते."

"घासून तर पाहा. नाई जमलं तर भाजी करा."

चाचांनी बटाटा घासला आणि हाताशी ठेवून दिला. मोरोपंत समाधानानं घरी गेले. ढग मात्र जागच्या जागी राहिला.

मग चाचांनी त्याच्याशी भांडणं सोडून दिलं. आणि मुलांनो, भांडण सोडल्यावर तो ढग वाईट नव्हता. खिडकीतलं ऊन त्यात शिरलं की सगळं दुधासारखं व्हायचं. कोपऱ्यातल्या फळ्या माणसांसारख्या उभ्या राहायच्या. भिंतीवरची करवत नदी व्हायची. हळूहळू चाचांना हिवरखेडचा पाणवठा दिसू लागला, लहानपणीचा. वडिलांची बैलगाडी दिसली आणि तिला जुंपलेला चांद्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. चांद्या पाण्यातून तोंड वर काढायचा, तेव्हा त्याच्या मिशांवरून थेंब पडायचे. चाचा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. वशिंड हाताला लागलं, म्हणजे इकडे मान. चांद्याची मान लावली, खुंटी ठोकली, चिकट सरस भरला. मग वळून मागे शेपूट लावलं. हात आपले आपणच चालत होते, आणि पाणवठ्यावर गार वारा होता.

दुपारी शाळेतून आलेली अलीझा ब्रश घेऊन डोळे रंगवायला बसली. बसली आणि तशीच बसून राहिली.

"दादा," ती हळूच म्हणाली, "उंटाचाबी पोळा असते का?"

"काहून?"

"याले दोन वशिंडं हायेत."

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. बैलाचं डोकं होतं, डोक्यामागे वशिंड होतं, आणि दुसऱ्या टोकाला शेपटाच्या अगदी वर आणखी एक वशिंड मोठ्या ऐटीत बसलं होतं. अलीझानं पुढच्या वशिंडावरचा भुसा फुंकला. खालून मोरोपंतांचा बटाटा निघाला.

तो ठेवला होता बैलाच्या पुठ्ठ्यावर, तिथे सांडलेल्या सरसावर. धड दोन्हीकडून सारखंच गोल, खाली चार चाकं. पुढची बाजू कुठली, हे फक्त वशिंड सांगणार. चाचांचा हात आधी बटाट्यालाच लागला होता.

तेवढ्यात रजियाबी चहा घेऊन आल्या. त्यांनी बैलाकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"हा बैल पायते कुठं आन् जाते कुठं?"

त्यांनी फोन काढला. "तनवीर, उद्या दुपारी गाडी घेऊन ये. तुझ्या अब्बाले दिसणं बंद झालं."

"दिसते मले!" चाचा म्हणाले. "चष्मा घातल्यावरच दिसत नाई."

आवाज ऐकून मोरोपंत आले. बैल पाहून त्यांनी आधी आपला चष्मा पुसला, मग घसा साफ केला. "भाभी, एक अर्ज आहे. आरोपीचं म्हणणं ऐकल्याशिवाय शिक्षा देता येत नाई."

"आरोपी कोण?"

"बटाटा."

"आन् बटाटा आणला कोनं?"

मोरोपंत वाकून बैलाची चाकं मोजू लागले.

"दादी," अलीझा मध्येच म्हणाली, "दादांनी रुमाल बांधला तवाच भाप येते. रुमाल काढला तर येत नाई. मी पाह्यलं." तिनं रुमाल स्वतःच्या तोंडावर बांधला आणि नाकापाशी बोट नेलं. "गरम हवा इथून वर जाते. केटलीच्या तोटीतून जाते तशी."

रजियाबींनी नातीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "उद्या दुपारपर्यंत," त्या म्हणाल्या. "ढग उतरला आन् बैल सरळ झाला, तर राहा. नाई तर बॅग भरा."

सकाळी आजोबा आणि नात रूपालीच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. चाचांनी जुना चष्मा काउंटरवर ठेवला. रूपाली हसली.

"चाचा, हा तर औषधं फवारण्याचा. थेंब आत जाऊ नये म्हणून चहूकडून बंद असते. आत वाफ कोंडणारच न." तिनं वेगवेगळे चष्मे समोर मांडले. "बाजूले अशा आडवळणाच्या खिडक्या पाहिजेत. हवा फिरते, पण कपची सरळ घुसत नाई. आन् काचेवर वाफ न धरणारा थर पाहिजे. तो सदऱ्यानं पुसला का गेला समजा. मऊ फडकं घ्यायचं."

"समजेन कसं चांगला कोणता ते?"

"घालून बसा इथंच. घाई काय?"

चाचा बसले. एक चष्मा कानामागे टोचला. एक खाली पाहिलं की घसरून ओठांवर आला. एक छान बसला, पण हसल्यावर गालानं उचलला जायचा. चाचा हसले आणि तो टोपीला जाऊन भिडला. जो टिकला त्याची परीक्षा अलीझानं घेतली. ती शेजारच्या टपरीवर गेली आणि चहावाल्याला म्हणाली, "काका, केटलीचं झाकण उघडा न जरा." चाचांनी तोंड वाफेवर धरलं. गिऱ्हाइकं चहा सोडून पाहू लागली.

"काय करून राहिले चाचा? सर्दी झाली काय?"

"नाई बाप्पा. चष्मा घेऊन राहिलो."

काच किंचित धुरकटली आणि लगेच निवळली. रूपालीनं रुमालाऐवजी मास्क दिला, वरच्या कडेला पत्र्याची बारीक पट्टी असलेला. "ही नाकावर दाबून बसवा. श्वास खाली जाईन."

दुपारी तनवीर गाडी घेऊन आला. कारखान्याच्या दारात तो थांबला. अब्बा बैलावर वाकले होते, मऊ नाकपट्टीचा चष्मा नाकावर हलका बसला होता आणि काचा पाण्यासारख्या स्वच्छ होत्या. पातळ करवत मागच्या वशिंडाच्या बुडाशी केसाएवढंही लाकूड न दुखवता चालली होती.

"अब्बा, चला..."

"आधी याले धर. हलू देऊ नको."

तनवीरनं बैल धरला. वशिंड सुटलं, बटाट्याच्या जागी येऊन बसलं, आणि शेपटावरची जागा घासून गुळगुळीत झाली. चाकांना पुढचं-मागचं काही नव्हतंच. अलीझानं डोळे रंगवले. रजियाबींनी आत येऊन बैलाभोवती एक फेरी मारली आणि ओढणीची गाठ सोडून किल्ली खिळ्याला अडकवली. तनवीरच्या अंगावरचा भुसा झटकत त्या म्हणाल्या, "आलाच आहेस तर जेवून जा."

तान्ह्या पोळ्याला जुईलीचा बैल सगळ्यांत पुढे चालला. मोरोपंत त्याच्या शेजारून चालले होते आणि कोणी वशिंडाचं कौतुक केलं की आकाशाकडे पाहत होते.

संध्याकाळी चाचा कारखान्याच्या पायरीवर बसले. नवा चष्मा नाकावरच होता. अलीझा जवळ आली.

"आता दिसते न बरोबर, दादा?"

"हाव. सगळं दिसते. खिळाबी दिसते, कोपऱ्यातलं जाळंबी दिसते." त्यांनी चष्मा काढून मऊ फडक्यानं पुसला. "पण आज चांद्या नाई आला पाण्यावर."

चांद्याच्या गोष्टी अलीझाला दादांकडूनच ठाऊक होत्या. ती आत गेली. भंगाराच्या डब्यातून तिनं जुना मोठा चष्मा काढला, पट्टा आवळून डोक्यावर चढवला, दादांचा रुमाल तोंडावर बांधला, आणि खिडकीतल्या उतरत्या उन्हात मांडी घालून बसली. मग अगदी हळू, पोटातून, एक लांब श्वास सोडला आणि काच पांढरी व्हायची वाट पाहू लागली.