माझ्या घोरण्याचं गाणं

आमच्या विश्वासचं वागणं मला पंधरा दिवस खटकत होतं. पोटचा पोरगा, शाळेत मास्तर, आणि संध्याकाळ झाली की रस्त्यापलीकडच्या गेंदाबाईच्या ओट्यावर जाऊन कुजबुजणार! मी खिडकीत आले की दोघं गप्प! जशी काही मी पोलीस!

मी शाळा शिकले दोन इयत्ता, पण माणूस बरोबर वाचते. माझ्यापासून काही लपवील असा इसम देवासात जन्मला नाही. थोरल्या पातीत नाही, धाकट्या पातीतही नाही!

बाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्या गावात राजे दोन होते. मधला रस्ता म्हणजे सरहद्द. अलीकडे थोरली पाती, ती आमची. पलीकडे धाकटी, तिकडे गेंदाबाई, अस्सल माळवी. राजे गेले त्याला चार वर्षं झाली, पण मी काही रस्ता ओलांडला नव्हता. ती हसायची, मी मान हलवायची. तेवढ्यावर भागत होतं.

विश्वासचं म्हणणं, हेच मोडायचं. रस्त्यावरच्या रिकाम्या चौकीत त्याला दोन्ही बाजूंसाठी वाचनालय काढायचं होतं. तहसीलदार उमाशंकरजी म्हणाले, "दोन्हीकडची माणसं एकत्र बसतात हे आधी दाखवा. नाहीतर चौकी देतो व्यापाऱ्याला, पोती ठेवायला." म्हणून गाण्या-कवितांची दुपार ठरली. आम्ही जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या, माळवी बायकांनी त्यांची गाणी. पोरगा जेवताना चौकी, अंघोळीला चौकी, झोपेत चौकी! चौकी गेली असती तर अंथरूण धरलं असतं त्यानं.

इथवर ठीक. पण एक दिवस जेवताना विचारतो, "आई, तू रात्री घोरतेस ना गं?"

"कोण म्हणतं?"

"कोणी नाही. आणि मिठाच्या डब्याला तू कुलूप लावतेस, ते कधीपासून?"

भाकरी माझ्या हातातच राहिली. दुसऱ्या दिवशी गेंदाबाई रस्त्यापलीकडून ओरडली, "जमनाबाई, थारो पीयर मनावर में है नी?" म्हणजे माझं माहेर मनावरचं ना! (यमुनाचं जमना करते ती.)

माझं माहेर? मीठ? घोरणं? मी सावित्रीबाईंना गाठलं. सावित्रीबाई म्हणजे आमच्या ओव्यांच्या मेळ्यातला खडा आवाज. म्हटलं, "बाई, काहीतरी शिजतंय. माझ्यावर करणी करतायत!"

"करणीला मीठ लागतंच!" सावित्रीबाई म्हणाल्या. त्यांच्या शहाणपणाला तोड नाही.

कार्यक्रमाला मी गेले ती पदराला लिंबू बांधूनच. चौकीत उजवीकडे आम्ही, डावीकडे माळवी बायका, समोर खुर्चीत तहसीलदार. विश्वास घामाघूम होऊन सतरंज्या सरळ करत होता. आधी आम्ही ओव्या म्हटल्या, राम-सीतेच्या, सोज्वळ. मग गेंदाबाईनं ढोलकी पुढे ओढली, माझ्याकडे बघून गोड हसली आणि सुरू झाली:

"मनावर की छोरी आई, नाक लाई लांबो रे,
जमनाबाई घोरे तो सोनकच्छ जागे रे!"

सगळ्या माळवी बायका टाळ्या पिटून, "जागे रे, जागे रे!"

सोनकच्छ इथून दहा कोस! माझ्या कानशिलांतून वाफ निघाली! पुढच्या कडव्यात मिठाचं कुलूप आलं, त्यापुढे माझी चाल, त्यापुढे माझे दात. चारचौघांत! तहसीलदारासमोर! आणि ही सगळी माहिती कोणी पुरवली? मी विश्वासकडे पाहिलं. तो सतरंजीकडे पाहत होता.

सातव्या कडव्याला मी उठले. लिंबू सोडलं, पदर खोचला आणि जात्याच्या चालीवर खणखणीत टाकली:

"गेंदा चाले रस्त्यानं, वाट म्हशी सोडती,
तिचा ऐकून गळा गं बाई, कौलं पटापटा पडती!"

वाटलं, आता झिंज्या धरते. तर ती उठली आणि मला मिठीच मारली! "वा म्हारी बेन! जवाब दियो!" माळवी बायका खूश, आमच्या मात्र सावित्रीबाई चप्पल शोधायला लागल्या. "चला गं, इथं आपल्या यमुनाबाईंचा अपमान झालाय!"

विश्वास मधे धावला. "काकू, बसा! या मानाच्या शिव्या आहेत! लग्नात हे लोक विहिणीला अशाच गातात. ज्याचा मान मोठा, त्यालाच नावानिशी. गेंदामावशीनं आईला विहिणीचा मान दिलाय!"

चार पिढ्या समोरासमोर राहिलो, पण यांच्या लग्नाला जायचे ते आमचे पुरुष. आम्ही बायका आहेर पाठवून घरात. कुठून कळणार?

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

ते खरं होतं. म्हणून मी खोचलेला पदर सोडला.

तेवढ्यात खुर्ची करकरली. तहसीलदार उठले होते, तोंड कडू कारल्यासारखं. "चलता हूँ, मास्टरजी. कार्यक्रम हो गया आपका."

"साहेब, चौकीचा कागद?"

"देखेंगे." हा शब्द सरकारी माणूस कशासाठी वापरतो हे का मला ठाऊक नाही! विश्वासचा चेहरा राखेसारखा झाला.

गेंदाबाईनं माझ्या कानात सांगितलं, "रूस गया! ए भी माळवी है नी. उणको नाम तो कोई ने लियो ही नी!"

अगं बाई! म्हणजे एवढा मोठा साहेब खुर्चीत बसलेला, आणि त्याला कोणी शिवी दिली नाही म्हणून रुसला! ढोलकी गेंदाबाईकडे, पण तिची तयारी फक्त माझ्यापुरती. मला कुठली तयारी लागते? मी दारात आडवी उभी राहिले:

"तहसीलदाराचं पोट, आधी पोचतं दारात,
मागून येतो साहेब, अर्ध्या तासात!"

साहेब थबकले. मिशी हलली. मी त्यांच्या टोपीवर गेले, सायकलवर गेले, मग त्यांच्या 'देखेंगे'वर गेले. गेंदाबाईनं ढोलकी धरली, सावित्रीबाईंनी चप्पल टाकून सूर धरला. साहेब परत खुर्चीत बसून मांडीवर ताल देत होते, डोळ्यांत पाणी! अकरा कडवी झाली तेव्हा स्वतःच म्हणाले, "बस, जमनाबाई, बस! मास्टरजी, कागज लाओ!" आणि सही ठोकली.

चौकी मिळाली. विश्वास माझ्या पाया पडला, मग गेंदाबाईच्या पडला, मग चुकून सावित्रीबाईंच्याही. सगळ्यांनी गूळ-शेंगदाणे खाल्ले. घरी येताना मी विश्वासच्या पुढे तरातरा चालले.

विश्वास घाबरत म्हणाला, "आई, अजून रागावलीस? कार्यक्रम कसा झाला ते तरी सांग."

मी रस्त्याच्या मधोमध थांबले आणि दोन्ही पात्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सुनावलं, "कार्यक्रम चांगला झाला! पण साहेबाला अकरा नि मला सातच? विश्वास, तुझ्या आईला शिव्या कमी पडल्या!"