सायचोर

"आजही साय अर्धीच!" दूधघरातून गेस्के ओरडली आणि बेरेंडने घाईघाईने मिशा पुसल्या.

तो आत गेला तेव्हा बायको तुळईकडे टक लावून बघत होती. बाहेर शेतं बर्फाखाली, आणि इथे तुळईवर पिवळं फुलपाखरू पंख मिटून बसलेलं.

"सापडला सायचोर!" ती कुजबुजली. तिच्या माहेरी, हद्दीपलीकडे जर्मनीत, फुलपाखराला हेच नाव होतं. चेटकिणी ते रूप घेऊन साय पळवतात ना, म्हणून.

"काहीतरीच! आमच्या डचांत त्याला लोणहग्या म्हणायचे. शी लोण्यासारखी पिवळी असते म्हणून. ते बिचारं साय कुठली खातंय?" बोलता बोलता बेरेंडच्या लक्षात आलं, की आपण चांगला आयता चोर हातचा घालवतोय. "पण तुझ्या माहेरचंच खरं असेल हं," तो घाईने म्हणाला.

गेस्केने फुलपाखरू अलगद धरून टेबलावर वाडग्याखाली कोंडलं. "आता जिची ही करणी, तिचा जीव इथे अडकला. ती तिकडे घरात निपचित पडेल. वाडगा उचलेपर्यंत उठायची नाही."

बेरेंडला हसू आवरेना. पण शेजारच्या आलायडामावशी रोज उजाडताच दूध न्यायला येत, त्या दुपारपर्यंत फिरकल्या नाहीत. तेव्हा मात्र तो उठला आणि त्यांच्याकडे गेला.

चूल विझलेली होती. मावशी खुर्चीत होत्या, तोंड उघडं, हात गारठलेले. त्याने हाका मारल्या, गदागदा हलवलं. श्वास आहे की नाही तेही कळेना. याच मावशींनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, आणि आज त्याच्या जिभेच्या चोचल्यांपायी त्या जात होत्या. त्याला रडूच फुटलं. तो धावत घरी आला.

"उचल तो वाडगा! साय मी खाल्ली गं! रोज चमचाभर, देवाशपथ! मावशींना सोड!"

गेस्केने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि वाडगा उचलला. फुलपाखरू दाराच्या फटीतून निघालं ते थेट मावशींच्या घराकडे. टेबलावर एक पिवळा ठिपका उरला.

"घ्या, तुमच्याकडचंही खरं निघालं," ती म्हणाली.

तो ठिपका पुसतेय तोवर दार वाजलं. बादली घेऊन आलायडामावशी उभ्या होत्या, मान चोळत.

"अवघडून गेले बाई नुसती! दूध दे गं." मग त्या बेरेंडकडे वळल्या. "आणि काय रे, चमचाभर? मी वरून रोज बघते. भांडंच तोंडाला लावतोस की!"