आगेरीच्या लोंब्या आणि दोघां भावांचे विस्मरण

प्रथम पित्यास, मग पुत्रास, मग पवित्र आत्म्यास वंदन करोन, आणि ऐकणारांनी मान खाली घालोन ऐकावे ऐसी विनंती करोन, शके अठराशे त्र्याऐंशी, आश्विनमासी समुद्रकाठच्या एका राज्यात जे घडले ते लिहितो. त्या राज्याची चाल ऐसी की, भाताची पहिली लोंबी देवळात आशीर्वादित होईतो नवा तांदूळ कोणाच्या चुलीवर चढू नये. या सणास आगेर म्हणत. मानाची लोंबी थोरल्या घराण्याची, मग रयतेची. त्या घराण्यात राजे दोन, थोरले बस्त्यावजी आणि धाकटे इनासजी. मध्ये एक भिंत, मागे एक विहीर, आणि रहाटाच्या पाळीवरोन कित्येक पावसाळे बोलणे बंद. पुढच्या सामाईक ओटीवर मातोश्री नातालबाई अंथरुणास खिळल्या होत्या. त्यांचे मागणे एकच, "नव्या तांदळाची पेज दोन घोट मिळाली की मी जायला मोकळी."

मग सणाचे दिवशी दोघेही राजे लोंब्यांच्या जुड्या घेऊन वेदीपाशी आले, आणि पाद्री लोरसबाबांनी नेमके ते वचन उपदेशास घेतले, की अर्पण करू जाता भावाच्या मनात आपल्याविषयी सल आहे ऐसे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी भावाशी समेट करावा, मग येऊन अर्पण करावे. ते ऐकोन दोघांनीही जुड्या तेथेच ठेविल्या. येथवर वचन पाळिले; पुढे कोणी हालेना. बस्त्यावजी बोलिले, "बाबा, सल माझ्या मनात आहे. रहाट त्याने अडवला. वचनाप्रमाणे यायचे त्याने." इनासजी म्हणाले, "सल तर माझ्याही मनात आहे. म्हणजे यायचे ह्याने. आधी तू." "आधी तू." मग पाद्रीबाबांनी ख्रिस्तसभेची शिकवण सांगितली की, चूक कोणाची हे येथे मोजीत नाहीत, ज्यास आठवेल त्याने उठावे. तो काय चमत्कार, दोघांचीही स्मृती त्याच क्षणी गेली. "कसला रहाट?" बस्त्यावजी पुसते जाहले. "आम्हांला विहीर आहे?" इनासजी म्हणाले.

मग राज्यात दोन पक्ष जाहले, आणि ज्यांस वेदीवरचे वचन कधी जागेपणी ऐकू आले नव्हते ते बाजारात सुकट निवडताना शिकवणीचा अर्थ लावू लागले, आणि एकाने तर भाऊ म्हणजे शेजारचा नव्हे, दूर देशीचा, ऐसे काढोन समुद्राकडे तोंड करोन समेट करोन टाकिला. पाद्रीबाबांसही वादाची गोडी लागली. ते रोज नवा ग्रंथ काढीत, आणि लोंब्यांवर आशीर्वादाचे पाणी शिंपडायचे राहोन जाई. चिमण्यांनी मात्र अर्थ न लावता दाणे खाल्ले, आणि ऐशा फुगल्या की खिडकीतून उडता येईना, मोठ्या दरवाजाने चालत बाहेर पडत.

नातालबाई रोज तिन्हीसांजेस थोरल्या सुनेस पुसत, "आगेर झाली का गो?" "नाही आई. अर्थ लावताहेत अजून." "लावू देत. लहानपणी दोघांना प्रार्थना मीच शिकवल्या. एक अडला की दुसरा पुढचे सांगायचा." एके सांजेस इतके बोलोन त्यांनी कूस बदलिली, आणि पहाटेस पेजेवाचोन गेल्या.

मग शवपेटीस पुढून खांदा दोघां राजांनी दिला, आणि पेटी हलू नये म्हणोन पाऊल एकमेकांशी जुळवावे लागले. देवळात पेटी ठेवायची जागा तीच, जेथे जुड्या पडल्या होत्या. पाद्रीबाबांनी हलकेच पुसिले, "हा पेंढा उचलायला हवा. कोणाचा कोणता?" दोघांसही सांगता येईना, सारा एक जाहला होता, आणि त्यात दाणा उरला नव्हता. मग दोघे वाकोन उचलू लागले, आणि पाद्रीबाबाही वाकले, आणि दोन्ही पक्षांचे पंडित आपापल्या पायांकडे पाहत राहिले.

मग चालीप्रमाणे शेजाऱ्यांनी दुखवट्याच्या घरी पेज धाडिली, जुन्याच तांदळाची, एकाच टोपात. रिकाम्या ओटीवर दोघे समोरासमोर बसले, मध्ये वाडगा, तो कोणी उचलीना. बस्त्यावजी म्हणाले, "आधी तू." इनासजींनी मान वर केली नाही. "आधी तू घे, दादा. मला सगळे आठवते आहे." "मलाही." आणि पेज निवोन गेली.

मतलब इतकाच की, पुढे त्या राज्यात त्या वचनाचा अर्थ कोणी पुसिला नाही. आगेरीस थोरल्या घराण्याची जुडी एकच बांधतात, दोघे मिळोन वाहतात, आणि ती वेदीवर चढेतो सारा दरबार जमिनीकडे पाहतो. यात जे अधिक वाटेल ते चिमण्यांचे समजावे. बाकी सर्व खरे.