मुडबीकर सरांची नातीगोती

मुडबीकर सर माणसाला नाव विचारायच्या आधी विचारत, "तुमचे आई-वडील नात्यातले का हो?"

गुलबर्ग्याच्या कॉलेजात ते आणि मी प्राणिशास्त्र शिकवायचो. नवे प्राचार्य रुजू झाले त्या दिवशी सगळे हार घेऊन उभे होते आणि सर हा प्रश्न घेऊन. प्राचार्यांनी कपाळ पुसलं आणि हळूच म्हणाले, "वडील आईचे आतेभाऊ." सर एवढे खूश झाले की हार घालायचाच राहिला.

आमच्याकडे मामानं भाचीशी लग्न करणं नेहमीचंच, त्यामुळे सरांना उत्तरांची कधी टंचाई पडली नाही. कंडक्टर, सोनार, पोटदुखीसाठी गेले तर डॉक्टर, कुणी सुटायचं नाही. लग्नातही अक्षता मुठीत धरून वरमाईला विचारायचे, "पोरगी कोण लागती तुमची?" पुढे पुढे लोक त्यांना पत्रिका लग्न उरकल्यावर पोचती करू लागले. सर म्हणायचे, "टपालखातं लई बिघडलंय बघा."

आनुवंशिकतेवर कुठेही कार्यशाळा निघाली, धारवाडला, बंगळूरला, हैदराबादला, की सर निघाले. सोबतीला मी. गुणसूत्रं बघायला कुणाचं तरी ताजं रक्त लागायचं. बाकीचे प्राध्यापक तेवढ्यात चहाला जायचे आणि सर बाही वर करून पुढे व्हायचे. मग आपल्याच रक्ताच्या काचपट्टीवर डोळा लावून बसायचे. एकदा बराच वेळ बघून म्हणाले, "सगळं दिसायलंय मॅडम, नुसती जात कुठं दिसंना." शेजारचे एक गृहस्थ भिंग फिरवून खरंच शोधायला लागले.

पंच्याऐंशीच्या आसपास अशीच एक कार्यशाळा आमच्याच गावात भरली. मोठ्या शहरातून एक डॉक्टर पाहुणे आले होते. व्याख्यान झाल्यावर त्यांनी करजगीकडचं एक जोडपं मंचावर बसवलं. नवरा बायकोचा सख्खा मामाच होता. मांडीवर चारेक वर्षांची मुलगी, जन्मापासून बहिरी. पाहुण्यांनी तिच्या मागे उभं राहून जोरात टाळी वाजवली. मुलगी वळली नाही. सभागृहानं माना डोलावल्या. आईनं पदर पुढे ओढला.

पाहुण्यांना घराण्याची माहिती हवी होती आणि त्यांना मराठी येत नव्हतं, कानडीही नाही. सगळ्यांनी सरांकडे बघितलं. त्यांच्या जन्माचं सार्थकच होणार होतं.

सर मंचावर गेले, त्या बाईसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "पोरीचं नाव काय ठिवलंय अक्का?"

"भागू."

"भागू जेवली का सकाळधरनं?"

बाईनं नाही म्हणून मान हलवली. मग एकदम म्हणाली, "सायेब, माझ्यामुळंच झालंय का हे? सासू म्हंती, तुझ्याच पोटात खोट हाय. ह्यांची दुसरी सोयरीक बघायलीय. सासू म्हंजे माझी सख्खी आजीच हाय की वो. तिनंच मला हट्टानं करून घेतली."

नवरा खाली बघत होता. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं.

"हिकडं बघ," सर नवऱ्याला म्हणाले. "ही खोट एकट्या आईकडून येत न्हाई. निम्मं तिच्याकडून आलंय, निम्मं तुझ्याकडून. तुमाला दोघांना ते तुमच्याच घरातनं आलंय. पाप कुणाचंच न्हाई. कळलं का?"

"व्हय," नवरा म्हणाला. "पर आईला कोन सांगावं?"

"मी सांगतो की. चला."

आणि ते खरंच निघाले. दुपारी समारोप होता, फोटो होता, गोडाचं जेवण होतं. मी त्यांना गाठलं तोवर चौघं अफझलपूरवरून करजगीला जाणाऱ्या बसच्या थांब्यापाशी पोचले होते आणि भागूच्या हातात केळं होतं.

"सर, असं मध्येच कामून निघालात?"

त्यांनी मला बाजूला घेतलं. "माझी आई माझ्या अप्पांची भाची, मॅडम. माझ्या आधीची दोघं जगली न्हाईत. मी पोटात असताना अप्पांनी दुसरी केली. आई शेवटपर्यंत म्हणायची, माझंच रक्त वाईट. हे निम्म्या-निम्म्याचं मी कॉलेजात शिकलो तवा ती ऱ्हायली नव्हती."

बस लागली, ते चढले.

सोमवारी स्टाफरूममध्ये मी विचारलं, "पटलं का म्हातारीला?"

"कशाचं पटतंय! उंबऱ्यावरनंच हाकललं मला. म्हणली, माझ्या ल्येकात खोट काढणारा तू कोण?" सर शांतपणे फळा पुसायचं फडकं झटकत होते. "आयतवारी परत जायलोय."

ते जातच राहिले. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. काही महिन्यांनी कळलं की दुसरी सोयरीक मोडली. पटलं म्हणून नव्हे, सर म्हणाले, त्यांच्या तोंडी लागून म्हातारी दमली म्हणून. आता ती शिव्या देत देत त्यांच्या ताटात भाकरी वाढत होती.

पुढच्या रविवारी माझ्याकडे माहेरची माणसं येणार होती म्हणून मी सरांनाही घरी जेवायला बोलावलं. ते कधी नाही ते अवघडले.

"आयतवारी जमायचं न्हाई मॅडम. करजगीला जावं लागतंय."

"अहो, काम तर झालं ना तिथलं? एखादा रविवार नाही गेलात तर काय होईल?"

"भागू सकाळपासनं फाट्यावर येऊन बसती," सर म्हणाले. "आज मी येत न्हाई, हे तिला कसं कळवू, सांगा?"