फिलूचं मौन आणि इनासकाकांचं कलम

इनासकाकांना कुणी 'बसा' म्हटलं तरी ते विचारत, "कुठल्या कलमाखाली?" वसईच्या कोर्टात तीस वर्षं कारकुनी करून ते गिरीजच्या आपल्या केळीच्या वाडीत परतले, ते ही खोड घेऊनच. चर्चमध्ये फादरांनी पुढच्या बाकाकडे बोट दाखवलं, की काका नुसती भुवई उंचावत. फादरांनीही नाद सोडला होता.

मी जवळच्या शाळेत नवी शिक्षिका, त्यांच्याच पडवीतल्या खोलीत राहायचे. आणीबाणी नुकतीच उठली होती. आमच्या हेडमास्तरांची मात्र उठायची होती. शाळेत रोज प्रतिज्ञा होई. पोरं चर्चच्या सवयीने शेवटी 'आमेन' म्हणून मोकळी होत. पण शेजारच्या वाडीतली, चौथीतली फिलू हात पुढे करून नुसती उभी. तोंडातून अक्षर नाही.

"म्हणत नाही तोवर वर्गात बसायचं नाही," हेडमास्तरांनी फर्मावलं. तीन दिवस पोर व्हरांड्यात.

मी हे चहा घेताना सांगितलं. काकांनी कप खाली ठेवला. "उभी राहते ना? मान दिला, संपलं. जीभ हलवलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

खरंच, कुठे लिहिलंय? मलाही आता उत्सुकता लागली. काका दोन दिवस तालुक्याला खेपा घालत होते. शेवटी कोट चढवून, कागद घेऊन शाळेत आले आणि नियम दाखवा म्हणाले. हेडमास्तरांनी कपाट उपसून एक परिपत्रक काढलं. प्रतिज्ञा घ्यावी, एवढंच त्यात होतं. न म्हणणाऱ्याचं काय करावं, याबद्दल एक ओळ नव्हती.

"बसू दे वर्गात," हेडमास्तर हरले. फिलूला बोलावून म्हणाले, "पण का म्हणत नाहीस, ते तरी सांग."

"खोटं बोललं तर पापकबुलीला फादरना सांगावं लागतं."

"त्यात खोटं काय?"

"सगळे आपले बांधव म्हनायचं ना? आमच्या आजोबांचा सख्खा भाऊ कुंपनापलीकडे राहतो. विहिरीच्या पान्याच्या पाळीवरून भांडले. मी जन्मल्यापासून एकदा पन बोलला नाय आमच्याशी."

तो सख्खा भाऊ माझ्या शेजारच्या खुर्चीत कोट घालून बसला होता. आपल्या भावाच्या नातीसाठी धावपळ चाललीय हे काकांना ठाऊक होतं. ती गप्प का, ते ठाऊक नव्हतं. त्यांनी कागद गोळा केले. मला त्यांची फार दया आली.

शाळा सुटेपर्यंत ते फाटकाशी थांबले. फिलूचं दप्तर मागून घेतलं. तिघं चालत निघालो. भावाच्या अंगणाशी काका अडले. पाऊल पुढे पडेना. दप्तर उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर.

फिलू आत पळाली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "आजोबा, तुमचा भाऊ आलाय!"